अंगठा जुळत नाही

आमच्या वस्तीत चोराची भीती कुणालाच नव्हती. चोरण्यासारखं होतंच काय? भीती होती ती आगीची. अकोल्याच्या त्या जिनिंग फॅक्टरीला आम्ही नुसतं जीन म्हणायचो. जिनाच्या मागच्या भिंतीला लागून मजुरांच्या कुडाच्या नि टिनाच्या खोल्या होत्या, आणि भिंतीपलीकडे कापसाच्या गंज्या. हंगामात रुई उडत उडत थेट चुलीपर्यंत यायची. एका वर्षी गंजी पेटली आणि वाऱ्यानं आग आमच्या रांगेत आणली. माणसं वाचली, पण कागद गेले. कुणाचा शाळेचा दाखला गेला, कुणाचं बँकेचं पासबुक गेलं, आणि नवं पासबुक मिळवताना बायांच्या चपला झिजल्या, ज्यांच्याकडे चपला होत्या त्यांच्या.

त्यानंतर जिनाच्या मुकादमानं सगळ्यांना सांगितलं, पासबुकं माझ्याकडे द्या, ऑफिसात लोखंडी कपाट आहे, त्यात ठेवतो. बायांनी नेऊन दिली. माझ्या मायनंही दिलं. पुढे ज्यानं त्यानं आम्हाला विचारलं, असा कसा हो भरोसा टाकला? हा प्रश्न ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. ज्याचं घर जळालेलं असतं तो आगीपासूनच जपणार. कपाट लोखंडाचं होतं, ते जळणार नव्हतं. तेवढं आम्ही बरोबर पाहिलं होतं. किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते पाहिलं नाही.

मुकादमाकडे आणखी एक मोठेपण होतं. तो बँकेचा ओळखदार होता. ज्याला सही येत नाही त्यानं पैसे काढताना अंगठा द्यायचा, आणि तो अंगठा त्याचाच आहे असं बँकेच्या ओळखीच्या माणसानं शेजारी सही करून सांगायचं, असा नियम. बँक उघडी असायची तेव्हाच जिनाची पाळी. बँकेत गेलं तर हजेरी बुडे, आणि हंगामात हजेरी बुडवणाऱ्या बाईला मुकादम दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेत नसे. मग सोय अशी निघाली की बायांनी जिनातच पैसे काढायच्या चिठ्ठीवर अंगठे द्यायचे, मुकादमानं तो गठ्ठा बँकेत न्यायचा, स्वतःच ओळख द्यायची आणि पैसे आणून वाटायचे. बँकेलाही हे सोयीचं होतं. जिनाच्या घामट, रुईनं माखलेल्या बाया काउंटरसमोर गर्दी करत नव्हत्या. सगळे या माणसाला देवमाणूस म्हणायचे. मायसुद्धा म्हणायची.

माझा बाप याच जिनात मेला. मशीनच्या पट्ट्यात त्याचं धोतर अडकलं. त्याची भरपाई मिळाली, तीही युनियनच्या माणसांनी मालकाच्या दारात बसून मिळवली. त्या पैशाला मायनं हात लावला नाही. मालकानं सांगितल्याप्रमाणे गावातल्या सहकारी बँकेत तिच्या नावानं खातं उघडलं. मालक त्याच बँकेच्या संचालकांपैकी एक होता. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही, आणि वाटलं असतं तरी सांगायचं कुणाला?

मायच्या मनात एकच गोष्ट होती. जिनाच्या खोलीतून बाहेर पडायचं. रेल्वेलाइनीपलीकडे आमच्या लोकांची नवी वस्ती उभी राहत होती. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून तिथे पंचशीलाचा झेंडा लागला होता आणि एकेक करून पक्क्या जोत्याची घरं बांधली जात होती. तिथली एक खोली विकायला निघाली. त्या खोलीचा मालक नागपूरला नोकरीवर जाणार होता आणि त्यानं मायला सांगितलं होतं की जाण्याआधी पैसे दिले तर खोली तुझी. मी तेव्हा अमरावतीला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होते. मायनं निरोप धाडला आणि मी सुट्टी टाकून अकोल्याला आले. मनात म्हटलं, बाप गेला पण छप्पर देऊन गेला.

मुकादमाकडे पासबुक मागितलं तर तो म्हणाला, कपाटाची किल्ली जिनाच्या मालकाकडे आहे, उद्या देतो. दुसऱ्या दिवशीही तो उद्याच म्हणाला. मी मायला म्हटलं, चल, पासबुक नसलं तर नसलं, खातं तर तुझंच आहे ना. माय त्या दिवशी हजेरी बुडवून माझ्याबरोबर बँकेत आली.

बँकेतल्या हिशेबनिसाला सगळे बडे बाबू म्हणायचे. टेबलावर पितळी पेपरवेट, शाईचं पॅड आणि एक भिंग. त्यांनी मायला पॅड सरकवून दिलं. तिनं कागदावर अंगठा उठवला. त्यांनी कपाटातून तिच्या नमुन्याचं कार्ड काढलं, भिंग लावून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, आणि कार्ड उलटं ठेवून म्हणाले, अंगठा जुळत नाही.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? ते म्हणाले, कष्टाच्या कामानं रेषा झिजतात, यात बँकेचा काय दोष? ओळखदार आणा. मी म्हटलं, मी तिची मुलगी आहे, मी ओळखते. त्यावर त्यांनी विचारलं की तुमचं इथे खातं आहे का? नव्हतं. मग तुम्हाला बँक कुठे ओळखते, असं म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. खात्यात किती आहे तेवढं तरी सांगा म्हटलं, तर ओळख पटल्याशिवाय खात्याची माहिती देता येत नाही, गुप्तता असते.

गुप्तता! आपल्याच नवऱ्याच्या जिवाचे पैसे, आणि ते आहेत की नाहीत हे बायकोपासून गुप्त. माय तिथे उभी होती, जिवंत, घामानं ओली, आणि पुन्हा पुन्हा आपल्या अंगठ्याकडे पाहत होती. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मीच ते मी आहो, हे कोनाले सांगू?" तिच्या आवाजात राग नव्हता, लाज होती. जणू अंगठ्यानं काही चुकीचं केलं होतं. तिच्या त्या लाजेचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

मुकादमानं ओळख द्यायला येतो म्हणत आणखी काही दिवस घालवले. शेवटी मी माझ्या जुन्या शाळेतल्या गुरुजींकडे गेले. त्यांचं त्या बँकेत खातं होतं. ते सायकलवर आले, एकही प्रश्न न विचारता ओळख म्हणून सही केली आणि बाजूला उभे राहिले. आता बडे बाबूंना खातं उघडून दाखवणं भाग होतं. त्यांनी पान काढून आमच्यापुढे सरकवलं. खात्यात खातं चालू राहण्यापुरते चिल्लर रुपये होते. बाकी सगळे आधीच्याच हंगामात काढले गेले होते.

मायनं एक रुपयाही काढला नव्हता. तिनं कधी चिठ्ठीच दिली नव्हती. गुरुजींनी पैसे काढल्याची चिठ्ठी पाहायला मागितली म्हणून ती आम्हाला दिसली. त्यावर अंगठ्याच्या जागी शाईचा एक काळा गोळा होता. रेष नाही, वळण नाही, काही नाही. शेजारी ओळख म्हणून मुकादमाची झोकदार सही. पुढे वस्तीत बाया म्हणायच्या, तो अंगठा मुकादमाच्या पायाचा असेल, आणि हसायच्या. मला तेव्हाही हसू आलं नाही. मी बडे बाबूंना विचारलं, समोर उभ्या बाईचा अंगठा जुळत नाही, आणि हा गोळा जुळला? ते म्हणाले, "ओळखदार होता ना."

एवढंच उत्तर. ते उत्तर त्यांना पुरेसं वाटत होतं, ही खरी भयंकर गोष्ट. कुंपणच शेत खातं हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण इथे कुंपण शेत खाऊन वर शेताच्या मालकिणीलाच विचारत होतं, तू आत कशाला येते?

मुकादम साफ उलटला. बाईनं माझ्यासमोर अंगठा दिला, मी रोकडा तिच्या हातात ठेवला, तिनं कुठे उडवले ते तिला विचारा, असं तो वस्तीच्या पंचांसमोर बोलला. चौकीत गेलो तर तिथले जमादार म्हणाले, हे सहकाराचं प्रकरण आहे, आमच्याकडे येत नाही. आणि मग म्हणाले, पण बाई, पासबुक तुम्ही दिलंच कशाला? जिनाच्या ऑफिसात गेलो, तिथेही तेच. वस्तीतल्या शहाण्यांनीही तेच म्हटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या आठवड्यात रोज पाहिली. मुकादमाला एकानंही विचारलं नाही, तू घेतलेच कशाला?

आता माझ्या घरची तरुण मंडळी मला बजावत असतात, फोनवर आलेला नंबर कुणाला सांगू नका. मी सांगत नाही. तरी शेजारच्या एका पेन्शनवाल्याचे पैसे असेच गेले आणि बँकेतल्या मुलीनं त्याला पहिला प्रश्न केला, काका, नंबर दिलाच कशाला? मी तिथे होते. मी त्या मुलीवर इतकी चिडले की माझ्या नातवानं मला हात धरून बाहेर आणलं. माझी बोटंही आता तिथल्या काचेच्या यंत्रावर पटत नाहीत. ती पोरगीसुद्धा म्हणते, आजी, रेषा झिजल्या.

गुरुजींनी अर्ज लिहून दिला. त्या अर्जावर सहकार खात्याचे एक तपासणीस अमरावतीहून आले. वयस्कर, चष्मा लावलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. मला त्यांच्याकडून आशा वाटली, हे कबूल करते. त्यांनी नमुन्याचं कार्ड मागवलं. बडे बाबूंनी ते इतके दिवस उलटंच ठेवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते मी सुलटं पाहिलं. कार्डावर अंगठ्याच्या जागी शाईचा एक काळा गोळा होता.

चिठ्ठीवरचा गोळा आणि कार्डावरचा गोळा शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही सारखे. म्हणून तर ते जुळत होते. काळ्या गोळ्याशी कुठलाही काळा गोळा जुळतो. जुळत नव्हता तो फक्त मायचा खरा अंगठा.

तपासणिसांनी मायला विचारलं, खातं उघडताना अंगठा कसा घेतला होता? माय खाली पाहत म्हणाली, "माह्या आंधीच्या बाईचा हात यायनं धरला, बोट फिरवून फिरवून छाप घेतला. माही पाळी आली तं नाव इचारलं, आडनाव इचारलं. मंग हात नाई धरला. टेबलावरचा रूळ घेतला अन् रुळानं माह्या नखावर दाबलं. लय दाबलं."

बडे बाबू भिंतीकडे पाहत होते. मी मायकडे पाहिलं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, त्यात सांगण्यासारखं काय होतं, तेवढ्याची सवय होती. दीक्षा घेऊन आम्ही माणसं झालो होतो, माय सकाळी वंदना म्हणून कामावर जात होती, आणि इथे एका शिकल्या माणसाला तिचा अंगठा दोन बोटांत धरणं जमलं नव्हतं. त्याच्या विटाळापायी बँकेच्या कपाटात अंगठ्याऐवजी डाग ठेवला गेला. तिजोरीला दोन कुलपं होती, दारावर बंदूकधारी होता, भिंग होतं, नियमांची चोपडी होती. या सगळ्या बंदोबस्तात भोक कुठे पडलं होतं, तर तिथे. मुकादमाला ते भोक ठाऊक असणारच. बँकेतलं कार्डांचं कपाट त्याच्यासमोर दर आठवड्याला उघडत होतं, आणि आमच्या सगळ्याच बायांचे नमुने तसलेच निघाले असते, याची मला खात्री आहे. कुणी काढून पाहिले नाहीत.

तपासणिसांनी टाक उचलला आणि लिहिलं, नमुना अस्पष्ट. मी म्हटलं, का अस्पष्ट तेही लिहा. ते शांतपणे म्हणाले, त्याचा या तपासाशी संबंध येत नाही. मी म्हटलं, साहेब, सगळा तपास तोच आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला, मायला बसायला सांगितलं, मला समजावलं की असं लिहिलं तर जातीचं प्रकरण होईल, कोर्टकचेरी होईल, आणि तुमच्या आईला पैसे मिळायचे ते राहतील. वाईट माणूस नव्हता तो. पण मला मुकादमापेक्षा त्या दिवशी त्याचाच राग जास्त आला. मुकादमानं पैसे चोरले. यानं कारणच चोरलं.

मग बँकेचा निरोप आला. बँकेची चूक नाही, तरी संचालक मंडळ सहानुभूतीनं निम्मी रक्कम द्यायला तयार आहे. अट एकच. माझी काही तक्रार नाही, असं मायनं लिहून द्यायचं.

मी तडकले. म्हटलं, माय, नाही द्यायचं लिहून. आपण नागपूरला जाऊ, वरच्या ऑफिसात जाऊ, युनियनकडे जाऊ. माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. तोवर मुकादमानं मायला कामावरून काढलं होतं, आणि काम नाही तर जिनाची खोली नाही, असा तिथला कायदा. आमची भांडी दोन दिवस शेजारणीच्या ओट्यावर होती. लाइनीपलीकडच्या खोलीच्या मालकाचं जाणं तोंडावर आलं होतं. त्यानं एवढं मोठेपण दाखवलं की निम्म्या पैशात खोली नाही, पण मागची मोकळी जागा आणि जोतं देतो म्हणाला. मायनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू अमरावतीले जाशीन, शिकशीन, मास्तरीण होशीन. मले आज रातच्याले कुठं टेकू ते सांग. तुह्या रागाचं छप्पर नाई होत, बाई."

राग खरा होता आणि तिचं म्हणणंही खरं होतं. ज्यांनी तिला या दोहोंतलं एक निवडायला लावलं, त्यांना मी कधी माफ केलं नाही.

आम्ही बँकेत गेलो. कागद तयार होता, टाईप केलेला. मी तो वाचून मायला ऐकवला. अर्जदार बाई स्वखुशीनं लिहून देते, असं त्यात होतं. स्वखुशीनं हा शब्द वाचताना माझी जीभ अडली, तेव्हा बडे बाबू म्हणाले, पुढे वाचा.

अंगठ्याची वेळ आली. मायनं सवयीनं अंगठा पुढे करून हात टेबलावर ठेवला आणि रुळाची वाट पाहत राहिली. बडे बाबू खुर्चीतून उठले. त्यांनी मायचा हात आपल्या हातात घेतला. अंगठा दोन बोटांत नीट धरला, पॅडवर हलकेच फिरवला, आणि कागदावर नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत असा उठवला की एकेक रेष मोजून घ्यावी. मायच्या अंगठ्याला इतक्या सुंदर रेषा आहेत हे मला त्या दिवशी दिसलं. झिजल्याबिजल्या काही नव्हत्या.

मी म्हटलं, भिंग लावून पाहा. तिचा अंगठा जुळत नाही तुमच्याकडे. ओळखदारही आणलेला नाही आम्ही.

"भिंग कशाला?" बडे बाबू म्हणाले. "मी ओळखतो ना यांना."

मायनं आपला हात हळूच सोडवून घेतला. वर पाहून, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "कवापासून, बाबूजी?"

बडे बाबूंनी अंगठ्यावर टिपकागद दाबला आणि पैसे मोजणाऱ्याला हाक मारली.